डोळ्यांची आखणी
ओल्या रंगाचा वास आला की मला रोह्याचं ते मैदान आठवतं. मी तेव्हा पेणच्या शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवायचे आणि आमची कॅप्टन होती हमरापूरची, गणपती बनवणाऱ्यांच्या घरातली. वडिलांचा हात थरथरायला लागल्यापासून मूर्तींचे डोळे तीच आखायची. म्हणूनच की काय, तिचा नेम सहसा चुकत नसे. चतुर्थी तोंडावर आलेली असताना रोह्याला फायनल होती. शेवटच्या मिनिटाला तिने उडी मारून बॉल अडवला, आम्ही जिंकलो, पोरी नाचायला लागल्या, आणि ती मात्र उजवा हात पोटाशी धरून खाली बसली. बोट सुजून निळं पडलं होतं. "मॅडम, बोट वळत नाय. आता डोळे कोण आखणार?" तिला न्यायला आलेल्या वडिलांनी ते बोट आपल्या थरथरत्या हातात घेतलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "जिंकलीस ना गो? मग रडतेस कशाला?" ती पुन्हा कधी खेळायला आली नाही. त्या वर्षी आमच्या घरचा गणपती त्यांच्याच कारखान्यातून आला, एक डोळा जरा खाली उतरलेला. अजूनही आरतीला उभी राहिले की मी मूर्तीच्या पायांकडेच बघते.