मुंबईची आत्या

यंदाची यादी फोनवर आली तेव्हा मी दुसरीची हजेरी घेत होते. मुंबईत येत्या हिवाळ्यात काय काय भरणार आहे त्याची यादी. कुठं चित्रं आणि शिल्पं, कुठं डिझाइनचा मेळा, आणि सगळ्यात शेवटी, माझा जीव जिथं अडकलेला असतो तो चित्रपट महोत्सव, चांगला आठ दिवसांचा. हजेरी अर्धी ठेवून मी तारखा वाचल्या. पोरांचं ‘हजर बाई’ चालूच होतं, एकानं तर दोनदा म्हटलं. मग मी खिडकीतून स्वयंपाकाच्या शेडकडं पाहिलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

शेडकडं का पाहिलं ते सांगायचं तर चार-पाच वर्षं मागं जावं लागेल.

आमची शाळा जळकोट तालुक्यात, दोन शिक्षकांची. एक मुख्याध्यापक आणि एक मी. मी उदगीरहून रोज येते-जाते, तिथं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, नवऱ्याचं आडत दुकान आहे. शाळेतलं तिसरं माणूस म्हणजे खिचडी शिजवणाऱ्या मावशी. साठीच्या आसपासच्या, माहेर देगलूरकडचं, त्यामुळं चिडल्या की तेलुगूत चिडतात. कागदावर त्यांचं काम खिचडीपुरतं. पण आमच्यातलं कुणी रजेवर गेलं की पातेलं चुलीवर चढवून पहिली-दुसरीसमोर त्याच बसायच्या. त्यांच्यासमोर पोरं माझ्यापेक्षा गप्प बसतात, हे मी मुख्याध्यापकांजवळ कधी कबूल केलेलं नाही.

सिनेमाचं खूळ मला नांदेडला लागलं. डी.एड.ला होते, आणि एका कॉलेजच्या हॉलमध्ये कुणीतरी पांढऱ्या चादरीवर परदेशी सिनेमा दाखवला. गाणं नाही, मारामारी नाही. एक म्हातारा सामान बांधतो आणि दुसऱ्या घरी राहायला जातो, एवढीच गोष्ट. माझ्यासोबतच्या पोरी पंधरा मिनिटांत उठून वसतिगृहावर गेल्या. मी शेवटपर्यंत बसले. बाहेर आले तेव्हा सपाटून भूक लागली होती, पण खाणावळीत जाऊन कुणाशी बोलायची इच्छा होईना. त्यानंतर लग्न झालं, नोकरी लागली, मुलगा मोठा होऊन पुण्याला शिकायला गेला, आणि एक दिवस फोननं सांगितलं की असे सिनेमे मुंबईत दर हिवाळ्यात दाखवतात आणि पास काढून कुणीही जाऊ शकतं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “चार दिवस अंधारात बसायला मुंबईपर्यंत कशाला? आपल्याकडं लाईट जातेच की.” पण जा म्हणाला. त्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न रजेच्या अर्जातल्या ‘कारण’ या रकान्याचा होता. गावातली शिक्षिका, चाळिशी ओलांडलेली, एकटी मुंबईला सिनेमे पाहायला चाललीय, हे लिहायला माझा हात धजेना. मी लिहिलं, ‘आत्या आजारी, मुंबई.’

मला एकच आत्या होती, आणि ती मी शाळेत असतानाच वारली.

एकदा लिहिलं आणि सुटले, असं मला वाटलं होतं. परत आल्यावर मावशींनी विचारलं, “कशी हाय आत्या?” मी म्हटलं, बरी आहे. “लेकरंबाळं?” नाहीत म्हटलं. “मंग कोन बगतंय तिला?” या प्रश्नावर मी पर्समध्ये खडू शोधायला लागले, आणि मीच बघते असा अर्थ त्यांनी लावला. पुढच्या हिवाळ्यात मी निघाले तर त्यांनी कारळ्याच्या चटणीची पुडी हातात ठेवली. आजारी माणसाच्या तोंडाला चव येते म्हणाल्या.

ती चटणी मी मुंबईत थिएटरबाहेरच्या रांगेत पावाबरोबर खाल्ली. रांगेत पुढं उभ्या असलेल्या एका अनोळखी पोरीलाही दिली. तिनं बोटं चाटली. परत येऊन मावशींना सांगितलं की चटणी फार आवडली, आणि एवढं तरी खरं बोलायला मिळालं म्हणून मला बरं वाटलं. माझी मजल तिथवर गेली होती. मुख्याध्यापकांनी पालकसभेत माझं उदाहरण दिलं. हल्ली रक्ताचे मुलगे विचारत नाहीत आणि आमच्या बाई बघा, वगैरे. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

तिसऱ्या हिवाळ्यात मी सिनेमांच्या मधल्या वेळात डिझाइनचा मेळा पाहायला गेले. मोठ्या पांढऱ्या भिंतीवर एकच वस्तू टांगली होती आणि तिच्यावर खास दिवा सोडला होता. जवळ गेले तर शिंदीच्या पानांचा फडा. आमच्या शाळेच्या दाराआड उभा असतो तोच, मावशी ज्यानं शेड झाडतात तोच. मी एवढ्या मोठ्यानं हसले की तिथला राखणदार वळून बघायला लागला. फोटो काढला. पहिला विचार आला तो मावशींना दाखवायचा, आणि दुसरा, की मी तर दवाखान्यात आत्याच्या उशाशी आहे. चार-चार दिवसांत मी एवढं काय काय पाहत होते, आणि घरी येऊन ते सांगायला एक माणूस नव्हतं. नवऱ्याला दोन वाक्यांच्या पुढं जांभई येते. मला एकटीला ते सगळं जड व्हायला लागलं होतं.

त्या खेपेला परत आले तर शेडमध्ये दुसरीच बाई खिचडी ढवळत होती. मावशींची आई वारली होती. आठवड्यानं त्या आल्या, मी दोन शब्द बोलले आणि वर्गावर गेले. त्यांच्या घरी गेले नाही. ते दोन शब्द कोणते होते तेसुद्धा आज आठवत नाही.

चौथ्या वर्षी मला त्या आत्याचा उबग आला. तिची औषधं, तिचे डॉक्टर, तिची झोप, किती लक्षात ठेवायचं? मुंबईहून परतताना गाडीतच ठरवलं, आणि शाळेत पाऊल टाकताच सांगून मोकळी झाले की आत्या गेली. मुख्याध्यापक हळहळले. मावशींनी हातातला झारा खाली ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. मला खरंच हलकं वाटलं, ते लपवून काय करू?

रविवारी सकाळी दार वाजलं. नवऱ्यानं उघडलं. दारात मावशी आणि गावातल्या दोन बाया, डोक्यावर फडक्यात बांधलेलं टोपलं. ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून सोयरेधायरे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना आपल्या हातानं भरवतात. आमच्याकडं त्याला कडू घास म्हणतात. आम्ही लिंगायत, आमच्या घरात सुतक पाळत नाहीत, पण गाव ते कुठं बघत बसणार! जळकोटवरून दोन गाड्या बदलून त्या बाया आल्या होत्या.

“लई वाईट झालं, मालक,” मावशी नवऱ्याला म्हणाल्या. आत्या मेल्याचं त्याला मी सांगितलंच नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग टोपल्याकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं पाटावर येऊन बसला. मावशींनी त्याला घास भरवला, त्यानं खाल्ला. मग मला.

घास माझ्या तोंडात असताना मावशी बोलायला लागल्या. “तुमी तरी हुता तिच्याजवळ. लई चांगलं केलं बगा. मला माझ्या मायचं तोंड बगाया न्हाई भेटलं.”

मी चावायची थांबले.

“मागल्या साली तुमी मुंबैला गेलता, त्याच टायमाला सांगावा आला, की माय लई शिरीस हाय म्हनून. मोठे गुर्जी जळकोटला ट्रेनिंगला. शाळंत कोनीच न्हाई. म्हनलं, बाईच्या आत्याचं जड हाय, म्हनूनच गेल्यात, लेकरं कोनाच्या भरवशावर सोडू? शनवारी शाळा सुटली अन् निगाले. पोचले तवा माती झाल्ती.” आणि त्यांनी पिठल्यात भाकरी मोडून दुसरा घास माझ्यापुढं धरला. “खावा. उपाशी राहून गेलेलं मानूस येतंय व्हय?”

तो दुसरा घासही मी खाल्ला. मला माझी किळस आली. त्या गेल्यावर नवरा एवढंच म्हणाला, “आता हे तुझं तूच निस्तर.” तो चिडला असता तर बरं झालं असतं.

पंधरा दिवस मी स्वतःची समजूत घातली. सांगितलं तर त्यांना जास्त लागेल. आज निदान एवढं समाधान आहे, की दुसऱ्या एका मरणाऱ्या बाईसाठी आपण थांबलो. ते काढून घेऊन मी काय देणार? हा विचार अगदी बिनतोड होता, आणि सोयीचाही होता. रोज डब्यासोबत वाटीभर खिचडी त्या माझ्यापुढं ठेवायच्या, आणि ती मी नुसती चिवडत बसायचे. शेवटी एका दुपारी पोरं जेवून पांगल्यावर मी शेडमध्ये गेले, पाट ओढला आणि सांगितलं. आत्या नव्हतीच. मी सिनेमे पाहायला जात होते.

मावशी पातेलं घासत होत्या. हात थांबला नाही. आतली बाजू घासून झाल्यावर त्यांनी विचारलं, “माझी माय गेली त्या शनवारी कोन्ता पिक्चर हुता?”

मी आठवायला लागले. त्या चार दिवसांत पंधरा तरी सिनेमे पाहिले असतील. त्या दिवशी कोणता, ते काही केल्या आठवेना. मग मी फोन काढला आणि ती तारीख शोधली. त्या दिवशीचा एकच फोटो निघाला. तो भिंतीवरचा फडा.

मावशींनी राखेचे हात पदराला पुसले आणि फोन हातात घेतला. “फडाच हाय की,” त्या म्हणाल्या. मग दाराआडच्या फड्याकडं पाहिलं, पुन्हा फोनकडं पाहिलं. “हे बगाया गेलता व्हय तुमी?”

मी हो म्हटलं. त्यांनी फोन परत दिला आणि पातेलं घासायला घेतलं.

वर्षभर मी वाट पाहिली, की आज गावात बोभाटा होईल, उद्या होईल. झाला नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कामापुरतं बोलायच्या, ‘बाई’ म्हणायच्या, वर्गावर बसायच्या. वाटीभर खिचडी मात्र पुन्हा माझ्यापुढं आली नाही.

म्हणून यंदा यादी आली तेव्हा मी आधी शेडकडं पाहिलं. त्यांच्या आईची तिथी महोत्सवाच्या दुसऱ्याच दिवशी येत होती. मी अर्ज लिहिला, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘चित्रपट महोत्सव पाहण्यासाठी’. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून वाचलं, घालून वाचलं. “आणि ती आत्या?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “आत्या कधी नव्हतीच, सर.” त्यांनी सही केली, पण त्या दिवशी माझ्यासोबत चहा घेतला नाही. पालकसभेतलं भाषण आठवलं असणार.

मग शेडमध्ये गेले. म्हटलं, “मावशी, पहिले चार दिवस तुम्ही देगलूरला जा. खिचडी मी करते. तुम्ही आलात की मग मी जाईन.”

“साठ लेकरांची येती का तुमाला?”

“नाही.”

त्यांनी मिठाची वाटी दाखवली, तांदळाला पाणी किती ते दाखवलं, जाळ कधी मागं ओढायचा ते सांगितलं. हे एका वर्षातलं आमचं सगळ्यात लांब बोलणं. पहिल्या दिवशी मी खिचडी करपवली. पोरांनी नाकं मुरडत खाल्ली, आणि एकीनं विचारलं, मावशी कवा येणार? दुसऱ्या दिवशी पातळ झाली. चौथ्या दिवशी एकानं आपणहून पुन्हा मागितली, तेव्हा मला नोकरीच्या पहिल्या दिवसाइतका आनंद झाला.

मावशी आज सकाळी आल्या. पातेल्याचं बूड पाहिलं आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या. मी विचारलं, तिथी नीट झाली का? “झाली,” म्हणाल्या. “समदे आल्ते. ह्या बारीला मी हुते.”

दुपारी मी निघताना त्यांनी हाक मारली. “जाताव न्हवं उद्या?”

“हो.”

“आल्यावर मला सांगायचं. कोन्या दिसाला काय बगितलं, समदं. इसरायचं न्हाई.”

उदगीरला उतरल्यावर मी दुकानातून पानापानावर तारीख छापलेली एक लहान वही घेतली. आता बॅग भरतेय. वही वरच ठेवली आहे. चटणी त्यांनी दिली नाही, आणि मागायची माझी हिंमत झाली नाही.