टाइमकीपरचा पट्टा

सगळी वसाहत तिला टाइमकीपरीण म्हणायची. हे नाव तिला जन्मात आवडलं नाही, पण नवऱ्याचा धंदा बायकोच्या कपाळी चिकटला तर ती तरी काय करणार! नवरा कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होता. भोंगा झाला की काचेच्या खोपट्यात बसलेला हा माणूस आधी घड्याळाकडे बघायचा आणि मग धापा टाकत आलेल्या कामगाराकडे. काटा पुढे सरकलेला असला की अर्धा दिवस कापलाच. कुणाचं पोर तापाने फणफणलेलं असो, कुणाची बस चुकलेली असो, सगळ्यांना एकच उत्तर. "घड्याळ खोटं बोलत नाही बाबा. माणसं बोलतात."

कारखान्यात एक वेळ चाललं असतं. पण या गृहस्थाने ते खोपटं उचलून घरी आणलं. बायको भाजीला निघाली की विचारणार, "किती वेळ?" ती म्हणायची, अर्धा तास. अर्ध्या तासावर थोडा जरी वेळ गेला तरी हा दारात हजर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. "कुठे होतीस?" रांग होती म्हणावं तर खोटं. चप्पल तुटली म्हणावं तर खोटं. तुटकी चप्पल हातात धरून दाखवली तरी म्हणणार, "तोडायला काय लागतं?" आता बोला! मारहाण नाही, शिवीगाळ नाही, दारूचा थेंब नाही. लोक म्हणत, बाई, नशीबवान आहेस.

आणि लेकही बापाचीच. शाळेतून आली की कमरेवर हात ठेवून विचारायची, "आई, आजपण उशीर केलास ना? बाबा सांगत होते." एवढीशी पोर, पण बापाच्या सुरात सूर मिसळून. आई म्हणजे रेंगाळणारी, आई म्हणजे थापा मारणारी, हे त्या लेकराच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. दिवसभर शिलाई मशीनवर गावाच्या पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, पाठीचा काटा ढिला करून घ्यायचा, आणि पोटच्या पोरीने आपल्याला लबाड समजायचं! टाइमकीपरणीने मूग गिळले. पण गिळलेले मूग पचले नव्हते.

एक गोष्ट तर मुळीच पचली नव्हती. तिची धाकटी बहीण सरकारी दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. टाइमकीपरने दोन तासांची परवानगी दिली. जायला-यायला बस धरून दोन तास! बहिणीने मनगट धरून ठेवलं होतं. "ताई, थांब ना गं थोडी." ही म्हणाली, "हे रागावतील, उद्या येते." घरी पोचली तर हा दारातच. घड्याळ बघून म्हणाला, "शाब्बास. आज वेळेवर आलीस." पाठोपाठ शेजारणीकडे फोन आला, बहीण गेली.

तर असा हा माणूस निवृत्त झाला आणि काही वर्षांनी लकव्याचा झटका येऊन त्याचं उजवं अंग लुळं पडलं. महिनाभर अंथरुणात काढल्यावर काठी टेकत उभा राहायला लागला. उजवा पाय फरफटायचा, उजवा हात पोटाशी दुमडलेला तो दुमडलेलाच. डॉक्टरांनी बजावलं, "रोज चाला. पाय वापरला तर राहील, नाहीतर गेला समजा." परगावाहून लेकीने फर्मान काढलं, "आई, बाबांना तो पावलं मोजायचा पट्टा घे. स्वस्तातले मिळतात हल्ली. म्हणजे मला इथून फोनवर दिसेल, चालतात की नाही ते."

टाइमकीपरीण मोबाइलच्या दुकानात गेली. दुकानदार गोडबोल्या. काचेखालून पट्टा काढून सुरू झाला, "काकू, हा नाडी सांगतो, झोप सांगतो, ऊन-पाऊस सांगतो. फोन आला तर तोही सांगतो."

"माणूस खरं बोलतोय का खोटं, ते सांगतो का?"

दुकानदार हसला. "तेवढं नाही काकू. पण चाललोय म्हणाला आणि चालला नाही, तर चोरी लगेच पकडतो."

बाईच्या मनात कसल्या उकळ्या फुटल्या म्हणून सांगू! तिने पट्टा उलटा केला, सुलटा केला, किंमत ऐकली. तेवढ्या पैशांत चांगला मिक्सर आला असता. जुन्याचं झाकण हाताने दाबून धरावं लागत होतं. रबराचा एवढासा पट्टा घ्यावा की घरात लागणारी वस्तू? तिने पुन्हा विचारलं, "पकडतो ना नक्की?" आणि मिक्सरवर पाणी सोडलं.

घरी येऊन तिने पट्टा नवऱ्याच्या उजव्या मनगटावर बांधला. डाव्या हातात काठी, तिथे तो काचला असता. एवढाच विचार होता हो, हात निवडताना मनात दुसरं काही नव्हतं. सकाळी निघाला तेव्हा तिने दारात उभं राहून विचारलं, "किती वेळ?" हा प्रश्न विचारताना तिच्या जिभेला जी चव आली ती आयुष्यात कुठल्या पक्वान्नाला आली नव्हती.

तो बऱ्याच वेळाने परतला. घामाघूम. "पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आलो."

तिने फोन उघडला. आकडा असा, की माणूस पलंगावरून उठून मोरीत जाऊन आला असावा. "टाकीपर्यंत? या पट्ट्यात तर तुम्ही दारातून हलला नाहीत."

"अगं, खरंच गेलो होतो."

"घड्याळ खोटं बोलत नाही, माणसं बोलतात." हे ती म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. मशीन त्या दिवशी काय पळालं! लेकीचा फोन आला. बापाला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू. "बाबा, मला फसवू नका हं! मी इथून बघतेय सगळं. फाटकाबाहेर बसून परत येता ना?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण लेकीपुढे टाइमकीपरचा सगळा पीळ उलगडला. ती त्याच्या काळजाचा तुकडा. आजवर तिने बापाचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

चार-सहा दिवस हाच खेळ. तो सांगायचा, गेलो होतो. पट्टा सांगायचा, नाही. मग एकदा टाइमकीपरणीला वाटलं, हा बसतो तरी कुठे ते बघावं. रंगेहाथ पकडलं तर लेकीला तिखटमीठ लावून सांगता येईल. तो निघाल्यावर ती अंतर ठेवून मागे गेली. तो बसला नाही. कुठेच बसला नाही. काठी पुढे, मग डावा पाय, मग तो फरफटणारा उजवा. गल्ली संपली, दवाखाना गेला, पिठाची गिरणी गेली. टाकीशी पोचल्यावर त्याने डोकं भिंतीला टेकवलं, श्वास घेतला आणि परत फिरला. ती गिरणीच्या आडोशाला उभी होती. पिशवीतला फोन काढून बघितला तर आकडा तसाच. उजवा हात पोटाशी चिकटलेला, त्याला हिसका नाही की झोका नाही.

तशीच ती दुकानात गेली. दुकानदाराने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "काकू, आधी सांगायचं ना! हात हलला तर हा पाऊल धरतो. काकांचा हातच हलत नाही, वर पाय घासत चालणं. स्वस्तातल्या मालाला ते नाही कळत. बदलून देतो, वरचे पैसे द्या आणि भारीतला न्या. नाहीतर असं करा, हाच घोट्याला बांधून बघा, डाव्या पायाच्या. निदान काहीतरी मोजेल."

घोट्याला बांधा! फुकटचा उपाय. नवा दमडा लागणार नव्हता. टाइमकीपरीण काउंटरला हात टेकून उभी राहिली. डोळ्यांसमोर बहिणीची ती बोटं आली, मनगटाला धरलेली.

"राहू दे," ती म्हणाली. "आहे तो चांगला आहे."

"अहो, पण पैसे वाया जातील तुमचे!"

"माझे पैसे वसूल होतायत," असं म्हणून ती घरी आली.

आणि झाले की वसूल! महिनाभर रोज सकाळी "किती वेळ?" आणि परत आल्यावर "कुठे होतात?" तो शपथा घ्यायचा. गिरणीवाल्याला विचार म्हणायचा. ती म्हणायची, "गिरणीवाल्याला काय, चहा पाजला की काहीही बोलेल." हेही त्याचंच वाक्य, शेजारीण तिच्या बाजूने बोलली होती तेव्हाचं. करावे तसे भरावे. लेक रोज फोनवरून बापाची हजेरी घ्यायची, आणि एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, तुम्ही असे खोटारडे असाल असं वाटलं नव्हतं मला." त्या दिवशी तो जेवला नाही. टाइमकीपरीण पोटभर जेवली, आणि वरून दहीभात खाल्ला.

पण माणूस हट्टी. चालणं सोडीना. पट्ट्याला जिंकायचंच या ईर्ष्येने रोज थोडं लांब जायचा. एका दुपारी तो इतका उशिरा परतला की तिलाही खिडकीत यावं लागलं. आला तो शर्ट अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे. खुर्चीत पडला आणि म्हणाला, "मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो. पुलापर्यंत." मग डाव्या हाताने उजवं मनगट उचलून डोळ्यांजवळ धरलं. आकडा बघितला. आणि तो घळघळा रडायला लागला, लहान पोरासारखा, नाक वाहेपर्यंत.

तिच्या तोंडून निघून गेलं, "मला माहीत आहे तुम्ही चालता ते. महिनाभरापासून माहीत आहे."

तो रडायचा थांबला. "मग बोलली का नाहीस?"

"कसं वाटतं ते कळावं तुम्हाला. मी खरं सांगायची आणि तुम्हाला पटायचं नाही, तेव्हा मला कसं वाटायचं ते."

तो वाकड्या झालेल्या तोंडाने, सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "पटायचं मला. तू खरं सांगतेयस ते कळायचं."

"काय?"

"रांग असायची, बस उशिरा यायची, सगळं कळायचं. मी काय मूर्ख होतो? पण एकदा खरं मानलं असतं, की मग तू हवी तेव्हा गेली असतीस, हवी तेव्हा आली असतीस."

इतकी वर्षं तिने मनाची समजूत घातली होती की स्वभावच संशयी, नोकरीने नासलेला, बिचाऱ्याला दिसतंच तसं. त्या एका समजुतीवर तिने याच्या घरात जन्म काढला होता. आणि हा म्हणतो, कळायचं! म्हणजे दवाखान्याच्या वेळीही कळलं होतं. बहीण जाणार आहे हे कळलं होतं, आणि तरी दोन तास. तिला वाटलं, तो पट्टा याच्या गळ्याला आवळावा. आणि त्याच क्षणी हेही टोचलं, की महिनाभर तिनेही दुसरं काय केलं होतं? खरं काय ते तिलाही कळत होतंच. याच्या पंगतीला जाऊन बसली होती ती, आणि ते तिला मुळीच नको होतं.

तेवढ्यात फोन वाजला. लेक. टाइमकीपरणीने सवयीने स्पीकर लावला.

"आई, माझ्या सासऱ्यांनाही तसलाच पट्टा घ्यायचा म्हणतेय. चांगला आहे ना? पैसे पाण्यात नाही ना जाणार?"

"तुझे सासरे रोज टेकडी चढतात. त्यांचं मोजेल तो नीट. घे."

"बरं. आणि बाबांचं काय? आजपण आकडा नाही. परवा म्हणत होते पट्टाच बिघडलाय. आई, पट्ट्याचं सोड. तू सांग. तू घरातच असतेस. तुझ्या डोळ्यांनी कधी बघितलंस का त्यांना चालताना? तू सांगशील ते मी खरं मानेन."

तू सांगशील ते मी खरं मानेन! हे वाक्य ऐकायला ती तीस वर्षं थांबली होती, आणि ते आलं तर असं आलं. टाइमकीपर खुर्चीच्या टोकाला आला होता. घाम अजून सुकला नव्हता. डोळ्यांनी नुसता हात जोडत होता. एक शब्द पुरे होता. हो, बघितलंय, टाकीपर्यंत जातात, आज तर पुलापर्यंत गेले. तिने तो शब्द जिभेवर आणलाही. मग तिला "शाब्बास" आठवलं.

"नाही गं," ती म्हणाली. "कधीच नाही बघितलं."

पलीकडून लेकीने मोठा सुस्कारा टाकला. "बघा बाबा! आता काय म्हणणं आहे तुमचं?"

टाइमकीपर मागे टेकला. बायकोकडे बघत राहिला, रागाने नाही, आणखी कशानेच नाही. मग घसा खाकरून, फोनमध्ये नीट ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझी आई खरं सांगतेय."

टाइमकीपरणीने फोन बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने लेकीसमोर तिचा शब्द खरा मानला, आणि तोही ती धडधडीत खोटं बोलली तेव्हा! मेल्याने सूडसुद्धा तिला पोटभर घेऊ दिला नाही.