दिवाळ्याची जेटी आणि आम्ही चार रिपोर्टर

सभागृहात बोललेला शब्दन् शब्द आम्ही लिहिला, टाइप केला, तो छापून आला, त्याचे जाडजूड खंड बांधून ग्रंथालयात गेले. ते आता कुणी उघडत नाही, तो भाग वेगळा! पण जे लिहायचं नसतं ते कुठे ठेवायचं? त्याला ना खंड, ना कपाट. ते आपलं डोक्यातच साठत जातं. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्यातले दोघं भेटले की चहा गार झालाच म्हणून समजा.

आम्ही म्हणजे चौघं. विधानसभेचे रिपोर्टर. "कुठल्या पेपरात?" असं लगेच विचारू नका, पेपरवाले वर गॅलरीत बसतात. आम्ही खाली, अध्यक्षांच्या पुढ्यातल्या टेबलाशी. जो जे बोलेल ते शॉर्टहँडमध्ये घ्यायचं. दहा मिनिटांची टर्न. ती संपत आली की पुढचा येऊन शेजारी बसणार, आणि आपण उठून बाहेर टाइपरायटरकडे जायचं.

सत्तरचं दशक संपता संपता आम्हाला वाशीत एकाच बिल्डिंगमध्ये जागा मिळाल्या. आमचे चीफ देवसाहेब, मग सबनीस, बाळाराम कोळी आणि मी, मोहिते बाई. वाशीत तेव्हा रस्ते होते, रस्त्यांना दिवे होते, फक्त माणसं यायची बाकी होती.

* * *

आमच्या कामाचा पहिला नियम असा की काही झालं तरी चेहरा हलता कामा नये. समोर कुणी रडो, कुणी हसो, आपण दगड!

सबनीस तर दगडातले दगड. एकदा खतांच्या चर्चेत एका सदस्यानं असा काही किस्सा सांगितला की खुद्द अध्यक्षांनी तोंडाला रुमाल लावला. सबनीसांनी शांतपणे कंसात 'हंशा' लिहिलं आणि पुढचं वाक्य घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बस खाडीपुलाच्या मध्यावर आली आणि सबनीस एकदम हसत सुटले. डोळ्यांतून पाणी, श्वास घेता येईना, पोट धरून नुसते गडबडा! कंडक्टर बिचारा घाबरला.

"ओ साहेब, काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"कालचं!" सबनीस कसेबसे म्हणाले.

"मग काल का नाय हसलात?"

"काल ड्युटीवर होतो!"

* * *

बाळाराम बेलापूरच्या खाडीवरच्या दिवाळे गावचा. गावातला पहिला ग्रॅज्युएट, आणि आमच्यात सगळ्यात वेगानं लिहिणारा. त्याची आई हिराबाई मासळीची पाटी घेऊन रोज आमच्या बिल्डिंगच्या गेटवर बसायची.

दिवाळ्याला तेव्हा जेटी नव्हती. ओहोटी लागली की होड्या लांबवर थांबायच्या आणि बायका गुडघाभर चिखल तुडवत जाऊन पाट्या डोक्यावर घेऊन यायच्या. त्याच चिखलात हिराबाईचा पाय एकदा मोडला होता. तेव्हापासून ती लंगडायची, आणि तरीही रोज त्याच चिखलात उतरायची. बाळारामला ते बघवायचं नाही. तो कधी बोलून दाखवायचा नाही, पण ओहोटीची वेळ झाली की घड्याळाकडे बघत राहायचा.

गावाला एकच गोष्ट हवी होती, जेटी. आणि पोरगाच असेंब्लीत आहे म्हटल्यावर ती मिळणार याची गावाला खात्री! आता काय अडलंय, हेच हिराबाईला समजत नव्हतं.

"मंत्री तुझ्याम्होरंच बसतो ना रं?" तिनं एकदा गेटवर विचारलं.

"हो आये. हात लांब केला तं लागंल."

"मंग तूच का नाय बोलत त्याला?"

"तिथं आमाला बोलायची परवानगी नाय."

"मंग सरकार तुला पगार कशाचा देतंय?"

"दुसरे बोलतात ते लिवायचा."

हिराबाईनं माझ्याकडे बघितलं. "बाय, ह्यो खोटा बोलतो. असा पगार कोन देल?"

* * *

सभागृहात कुणी वावगं बोललं की अध्यक्ष तो शब्द कामकाजातून काढून टाकायला सांगतात. या कामात देवसाहेब वाकबगार. कुठला शब्द संसदीय, कुठला असंसदीय, त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. फक्त ते शब्द त्यांनी जन्मात कधी तोंडानं उच्चारले नव्हते. सगळं काम लाल पेन्सिलीनं.

एका रविवारी गेटवर हिराबाईचं आणि एका गिऱ्हाइकाचं पापलेटावरून जुंपलं होतं. देवसाहेब दूध घेऊन येत होते. ते थांबले. त्यांना राहवेना.

"बाई, तुमच्या आत्ताच्या एका वाक्यात काढून टाकण्यासारखे चार शब्द आहेत."

"कंचे?" हिराबाईनं विचारलं.

देवसाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं. कान लाल झाले. "ते... ते मला उच्चारता येणार नाहीत."

"असा होय! मंग मी परत बोलते, तुमी मोजा!"

त्यानंतर बरेच महिने देवसाहेब दूध आणायला मागच्या गेटनं जात होते.

* * *

माझंही सांगते, नाहीतर म्हणाल बाई दुसऱ्यांचंच सांगते.

एकदा आमच्या घरात जोरदार भांडण झालं. विषय माझी नणंद, म्हणजे लवकर संपणारा नव्हे. हे तावातावानं बोलत होते, मी ऐकत होते. दहा मिनिटं झाली असतील. मी उठले आणि स्वयंपाकघरात निघाले.

"अगं, माझं बोलणं चालू आहे! कुठे निघालीस?"

मला स्वतःलाच कळेना. मग लक्षात आलं. "माझी टर्न संपली," मी म्हटलं.

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढे आठवड्यानं हे म्हणाले, "मी असं बोललोच नव्हतो." मी त्यांचं सगळं भाषण मधल्या खोकल्यासकट म्हणून दाखवलं. तेव्हापासून आमच्याकडे भांडणाची सुरुवात एकाच वाक्यानं होते, "हे लिहून घेऊ नकोस, पण..."

* * *

भाषण झालं की सदस्य त्याची टाइप केलेली प्रत तपासायला येतात. भाषेतली चूक दुरुस्त करता येते, आशय बदलता येत नाही. जे बोललात ते बोललात!

खाडीपट्ट्यातले एक आमदार होते. माणूस भला. दिवाळ्याच्या जेटीचा प्रश्न दर अधिवेशनात न चुकता टाकणारे, पण नंबर यायच्या आत प्रश्नोत्तराचा तास संपून जायचा. ते एकदा आपलं भाषण तपासायला आले. चष्मा लावून सगळं वाचलं, दोनदा वाचलं.

"काही चुकलंय का साहेब?" देवसाहेबांनी विचारलं.

"शब्द बरोबर आहेत हो. पण बाकं कमी वाजलीत! हे बघा, इथे 'बाके वाजवतात' पाहिजे, आणि शेवटी पण एकदा."

"साहेब, तिथे कुणी वाजवली नाहीत."

"म्हणजे वाजली तरच लिहिणार?"

"होय साहेब."

आमदारांनी इकडे तिकडे बघितलं, आणि देवसाहेबांचं टेबल दोन्ही हातांनी दणादणा बडवलं. दौत सांडली, फायली उडाल्या, बाहेरचा शिपाई धावत आत आला.

"आता लिहा!"

* * *

पुढे आमच्या बिल्डिंगची सोसायटी झाली आणि देवसाहेब एकमतानं सेक्रेटरी. एवढं सभागृहाचं इतिवृत्त सांभाळणारा माणूस, त्याला आमचं काय अवघड आहे, असं सगळ्यांना वाटलं.

पहिल्या मीटिंगचा विषय एकच, गच्चीवरची टाकी रोज भरून वाहते, तिचं काय करायचं. वादावादी भरपूर झाली, ठराव मात्र राहिला. दुसऱ्या मीटिंगला देवसाहेबांनी आधीचं इतिवृत्त वाचायला घेतलं. त्यात सगळं होतं! कोण कुणाला काय म्हणालं, कुलकर्णींनी मध्येच जांभई दिली ती, तळमजल्यावरच्या काकू 'कुकर लावून आलेय' म्हणून उठल्या ते. ते वाचण्यातच मीटिंग संपली. त्यावर लोकांनी जी आरडाओरड केली, तीही देवसाहेबांनी लिहून घेतली. तिसऱ्या मीटिंगला ती वाचली.

चौथ्या मीटिंगला लोकांनी आधीच ठरवलं होतं. कुणी एक अक्षर बोललं नाही. सगळे हाताची घडी घालून बसले. देवसाहेबांनी सगळ्यांकडे बघितलं, पेन काढलं आणि लिहिलं, '(शांतता)'.

शेवटी प्लंबरच कंटाळला. कुणी न सांगता एक दिवस गच्चीवर गेला आणि टाकीचा बॉलकॉक दुरुस्त करून आला. खाली देवसाहेब उभे होते.

"ठराव कुठाय?"

"ठराव नाय साहेब, वायसर खराब होता."

* * *

आता दिवाळ्याच्या जेटीचं.

एका अधिवेशनात काय चमत्कार झाला कोण जाणे, जेटीच्या प्रश्नाचा नंबर आला! प्रश्नोत्तराच्या तासाची शेवटची मिनिटं. टेबलाशी बाळारामची टर्न. पुढची माझी, म्हणून मी येऊन शेजारी बसले होते. बाळारामची पेन्सिल एरवी पाण्यासारखी चालायची, त्या दिवशी मला तिचा आवाज येत होता.

मंत्र्यांनी उत्तर वाचलं. "ही बाब शासनाच्या विचाराधीन आहे." म्हणजे नेहमीचंच! आमदारांनी उपप्रश्न विचारला. मंत्री उत्तर द्यायला उभे राहिले, आणि तेवढ्यात मागच्या बाकांवर भलत्याच विषयावरून भडका उडाला. विरोधक धावत खाली आले, सत्ताधारी त्यांच्यामागे. आमच्या टेबलावर कुणाची कोपरं, कुणाचे कागद, माझ्या मांडीवर कुणाची तरी टोपी! मंत्री हातभर अंतरावर उभे. त्यांचे ओठ हलत होते. बाळाराम मान खाली घालून लिहीत होता. मग घंटा वाजली आणि तास संपला.

संध्याकाळी बाळारामचं पान टाइप होऊन आलं. '(गोंगाट. अनेक सन्माननीय सदस्य एकाच वेळी बोलतात.)' त्याखाली मंत्र्यांच्या नावापुढे एकच वाक्य. 'दिवाळे येथील जेटीचे काम याच आर्थिक वर्षात सुरू करण्यात येईल.' आणि त्याखाली पुन्हा '(गोंगाट)'.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचा पीए ते पान नाचवत आला. "साहेब असं बोललेच नाहीत!"

"मग काय बोलले?" देवसाहेबांनी पेन उघडलं.

"ते... ते त्यांना आठवत नाही. गोंधळ होता ना."

"आमच्याकडे आठवणीवर काम चालत नाही," देवसाहेब म्हणाले.

सभागृहाची टेप लावून बघितली. नुसता गोंगाट, आणि मध्ये कुणीतरी दोनदा शिंकलेलं. मग मला बोलावलं.

"मोहिते बाई, तुम्ही शेजारी होतात. काय ऐकलंत?"

"साहेब, माझी टर्न सुरू व्हायची होती. टर्न नसताना मी ऐकत नाही."

"असं कसं? कान उघडे होते ना?" पीए ओरडला.

"बरोबर आहे त्यांचं," सबनीस कोपऱ्यातून म्हणाले. "टर्न नसताना ऐकायला लागलं तर माणूस वेडा होईल."

आता राहिला बाळाराम. खोटं लिहिलं असं ठरलं असतं तर नोकरी गेलीच होती, आणि घरात पगार आणणारा तो एकटा. देवसाहेबांनी चष्मा पुसला, परत लावला.

"कोळी, हे वाक्य बदलायचं का?"

"भाषेची चूक असली तर सांगा साहेब, करतो. आशय बदलता येत नाही."

देवसाहेबांनी पान पुढ्यात ओढलं. लाल पेन्सिल हातात होती. ती त्यांनी खाली ठेवली आणि पानावर सही केली.

एकदा ते छापलं गेलं की पुढचं आपोआप होतं. मंत्र्यांनी सभागृहात 'करण्यात येईल' म्हटलं की आश्वासन समिती त्यांच्या मागे लागते, आणि ती काही केल्या सोडत नाही. त्याच वर्षी दिवाळ्याला दगडांचे ट्रक आले. पुढच्या वर्षी जेटी उभी!

उद्घाटनाला आम्ही चौघं गेलो होतो. दुसऱ्या रांगेत खुर्च्या. होड्यांना पताका लावलेल्या, बँडबाजा, आणि हिराबाई नवं लुगडं नेसून पुढे बसलेली. तिचे पाय स्वच्छ कोरडे बघून मला उगाच भरून आलं.

मंत्री तेच. हार घातले, फीत कापली आणि भाषणाला उभे राहिले.

"बंधुभगिनींनो, त्या दिवशी सभागृहात प्रचंड गोंधळ होता! कुणाचा शब्द कुणाला ऐकू येत नव्हता! पण मी मागे हटलो नाही! छातीवर हात ठेवून सांगितलं, दिवाळ्याची जेटी याच वर्षी सुरू होणार! ते शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात!"

टाळ्याच टाळ्या! बँडवाल्यांनी मध्येच ढोल वाजवून घेतला. तो थांबल्यावर हिराबाई उठली, मागे वळली. तिला माइकची गरज कधीच नव्हती.

"बाळाराम! ह्यो खरंच बोलला होता काय रं?"

गावकरी वळले, आमदार वळले, पीएनं मान खाली घातली. मंत्रीसुद्धा हातातला कागद विसरून बाळारामकडे बघायला लागले, आणि त्यांच्या तोंडावरून वाटत होतं की उत्तर त्यांनाही हवं आहे.

बाळाराम उभा राहिला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"रेकॉर्डवर हाय, आये."