निळ्या शाईची सही

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. ऐका, एवढंच.

मी पाच वर्षं खासदार होतो. त्याआधी पुण्यात पंपाचे सुटे भाग करायचा माझा कारखाना होता. आयटीवाले आले, जागेला सोन्याचा भाव आला, आणि मी कारखाना बंद करून जागा विकली. मग निवडणूक लढवली, जिंकलो. पेपरात ‘उद्योजक खासदार’ म्हणून फोटो. तेव्हा लोकांना अशी माणसं फार आवडायची.

बंदची नोटीस लावली त्या दिवशी आमचे फोरमन नामदेवराव सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, “साहेब, कारखाना नफ्यात आहे. मग बंद का करताय?” आवाजही चढवला नाही. मी पाठ फिरवून केबिनमध्ये निघून गेलो — आणि सगळ्यांसमोरचा तो प्रश्न मला वर्षानुवर्षं डाचत राहिला.

आता आमच्या ऑफिसातली एक सोय सांगतो. शिफारसपत्रावर माझी सही हिरव्या शाईत असेल तर काम करायचं, निळ्या असेल तर पत्र फायलीत घालायचं. पत्र ज्याला जायचं त्याला हे ठाऊक असे. घेऊन जाणाऱ्याला नसे. कुणाला तोंडावर नाही म्हणायची वेळच येत नसे.

एक दिवस नामदेवराव विश्रांतवाडीहून आले. बायकोच्या हृदयाची झडप बदलायची होती, दवाखान्यात सवलतीची जागा हवी होती. मी चहा पाजला, पत्र टाइप करून घेतलं. दोन्ही पेनं समोर होती. आणि मी — हो, समजून-उमजून — निळं उचललं. चार चकरा मारू देत, मग बघू, असं मनात होतं का? असेल. पण नंतर मी विसरलो. विसरणं हे त्याहून वाईट नाही का?

दवाखान्यातून त्यांना ऑपरेशनच्या नुसत्या पुढच्या तारखा मिळत गेल्या. तिसऱ्या तारखेआधी वहिनी गेल्या. ते सांगायला स्वतः आले. “आपण पत्र दिलंत साहेब. आमचंच नशीब.”

तेव्हा बोलता आलं असतं. आता सांगून त्यांचं काय भलं होणार, असं मी स्वतःला पढवत आलो. भेकड आहे मी, दुसरं काही नाही.

पुढची निवडणूक हरलो. दारातली गर्दी आटली. नामदेवराव मात्र दर दिवाळीला येतात. यंदाही आले, स्वतः केलेल्या चकल्या घेऊन. “हिच्यासारख्या जमत नाहीत,” म्हणाले.

छान झाल्यात म्हणालो, आणि आणखी एक घेतली.