एका बसला चार कंडक्टर

"सरका पुढं! आतमध्ये मंडईएवढी जागा हाय!" असं मास्तर ओरडायचे तेव्हा आत एक पिशवी ठेवायलाही जागा नसायची. तरी लोक सरकायचे. तुम्हीही सरकला असता. त्या आवाजात दरडावणी नव्हती, निमंत्रण होतं, आणि लग्नघरच्या निमंत्रणासारखं ते नाकारता यायचं नाही.

कंडक्टरला मास्तर म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे. यांचं खरं नाव आम्हाला फार उशिरा कळलं आणि कळल्यावरही कुणी वापरलं नाही.

मी नारायण पेठेतली. पेठेतली मुलगी पुण्यातली सगळी कॉलेजं मागे टाकून बी.कॉम.ला लोणी काळभोरला जाते म्हटल्यावर तिला बारावीला किती पडले हे वेगळं विचारायची गरज राहत नाही. शेजारचे तरीही विचारायचे. वर "तिकडची हवा चांगली आहे म्हणे" असंही म्हणायचे. माझ्याच गल्लीतला, माझ्याच वर्गातला देशपांडे त्यांना सांगायचा, "हो ना, म्हणून तर डॉक्टरांनी पाठवलंय."

शेवटच्या वर्षाला असताना एकदा मी खिडकीशी बसून घटत्या फलाचा नियम पाठ करत होते. ओठ हलत होते, डोक्यात काही जात नव्हतं. तिकीट फाडता फाडता वरून आवाज आला.

"ताई, 'इतर घटक स्थिर असताना' राहिलं. त्याच्याबिगर अर्धे मार्क कापतात."

मी वर बघितलं. खाकी कपडे, कानाला पेन्सिल, आणि काखेत चामडी बॅगेमागे आमचंच पाठ्यपुस्तक, पार सुरळी झालेलं. मास्तर बिबवेवाडीचे. घरची जमीन प्लॉट पडून संपलेली, वय पस्तिशीला आलेलं. बहिःस्थ विद्यार्थी म्हणून एकेक वर्ष करत ते आमच्याइतकेच शेवटच्या वर्षाला पोचले होते. त्यांच्या खात्यात कंट्रोलरच्या जागा निघणार होत्या. अट पदवीची होती, आणि वयाची मर्यादा त्यांच्यासाठी त्याच वर्षी संपत होती. "ह्या खेपेला सुटली तर सुटली," ते म्हणाले.

त्या दिवसापासून अकरा दहाची गाडी म्हणजे आमचा वर्ग झाला. काय दिवस होते ते! हडपसर यायच्या आत मागणीची लवचिकता संपवायची, मांजरी फाट्यापर्यंत मक्तेदारी. मास्तर तिकिटं देत पुढे जायचे आणि जाता जाता प्रश्न टाकायचे. त्यांचा एकच नियम होता. ज्याला कळलं त्याने पुढच्या थांब्याच्या आत शेजारच्याला समजावायचं. देशपांडे मला समजावायचा, मी दत्ताला. दत्ता लोणीचाच. त्याचं घर कॉलेजच्या फाटकासमोर होतं, तरी हा पठ्ठ्या रोज सकाळी उलटा हडपसरला यायचा आणि आमच्या गाडीत चढून पुन्हा लोणीला जायचा, निव्वळ अभ्यासासाठी. त्याच्या आईला वाटायचं पोराचं हडपसरला काहीतरी जमलंय.

"भाडं वाढलं तर तुम्ही कॉलेजला जायचं सोडाल का?" मास्तर विचारायचे.

"नाही."

"का न्हाई?"

"दुसरी गाडीच नाही."

"झाली का न्हाई अलवचीक मागणी! आता तिकीट काढा."

आमच्याकडूनही ते न चुकता तिकिटाचे पैसे घ्यायचे. दोन महिन्यांत सगळी गाडीच विद्यार्थी झाली. भाजीच्या पाट्या घेऊन येणारी एक म्हातारी तर आमच्या आधी उत्तर द्यायची. "मक्तेदारीत किंमत कोण ठरवतं?" असं मास्तरांनी विचारलं की ती पाटीआडून मान काढून म्हणायची, "मालक ठरवतो, दुसरं कोण?" तिचं कधी चुकलं नाही.

कंपनी कायदा मात्र मास्तरांच्या डोक्यात शिरत नव्हता. तो आमच्याकडे. लोणीला गाडी वळवून उभी राहिली की पंचवीस मिनिटं मिळायची. तेवढ्यात देशपांडे त्यांना कलमं समजावून सांगायचा आणि मास्तर डबा खात ती परत म्हणून दाखवायचे. संचालकांची कर्तव्यं म्हणताना त्यांच्या कपाळाला घाम यायचा, तोही पौषात.

आणि तो घटत्या फलाचा नियम! तो त्यांनी एकदा असा काही सांगितला की मी आजही तसाच शिकवते. "बस एक. ती वाढत न्हाई. तिच्यात एक कंडक्टर घाला, हडपसरचं गाडीतळ यायच्या आत सगळी तिकिटं फाडून मोकळा. दुसरा घाला, काम आणखी लवकर. तिसरा घाला, तो पहिल्याच्या पायावर पाय देतो. चौथा घाला, चार पाशिंजर खाली राहत्यात. इतर घटक स्थिर हायत का? हायत. झाला नियम." अख्खी गाडी हसली. आम्ही तिघांनी वहीत लिहून घेतलं.

पेपरला नेमका तोच प्रश्न आला. आम्ही तिघांनीही एक बस आणि चार कंडक्टर लिहिले, आकृतीसकट, दत्ताने तर खाली राहिलेल्या पाशिंजरांसकट. आणि आम्ही तिघं बसलो होतो एकाच हॉलमध्ये.

महिन्याभराने पत्र आलं. तीन उत्तरपत्रिकांत हुबेहूब सारखं, कोणत्याही पुस्तकात नसलेलं उदाहरण आढळलं असून सामूहिक कॉपीच्या संशयावरून चौकशीला हजर राहावं. वर्ष बुडणार हे दिसतच होतं, आणि शेजारी काय विचारतील तेही.

मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी येतो."

"येऊ नका," देशपांडे म्हणाला. टोमणे मारणाऱ्या माणसाचा आवाज इतका सरळ मी प्रथमच ऐकला. "तुमचं केंद्र वेगळं होतं, तुमच्यावर काही नाही. आलात की तुमचा नंबर मागतील, निकाल अडकवतील. अर्जाची तारीख तोंडावर आलीय."

"माझ्या गाडीत चढलेली माणसं हायत तुम्ही," मास्तर म्हणाले. "मधीच उतरवू व्हय?"

चौकशीला ते रजा टाकून आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता, आम्ही ओळखलंच नाही आधी. समोर दोन सर आणि अध्यक्ष म्हणून एक मॅडम.

"हे उदाहरण कुठल्या गाईडमधलं?" एका सरांनी विचारलं.

"गाईड नाही सर, बस," देशपांडे म्हणाला. "अकरा दहाची."

सर चिडले. तेवढ्यात मास्तर पुढे झाले. "साहेब, उदाहरण माझं हाय. मी कंडक्टर, ह्याच परीक्षेला बसलेला. मीच शिकवलं." मॅडमनी त्यांच्याकडे नीट बघितलं, परीक्षा क्रमांक लिहून घेतला आणि म्हणाल्या, "समजून लिहिलं असेल तर प्रत्येकाने दुसरं उदाहरण द्यावं. आत्ता, इथे."

दत्ता लगेच म्हणाला, "एक विहीर, चार मोटारी. चौथी नुसती हवा वढती." मी एक शेगडी आणि चार जावा सांगितल्या. देशपांडेने खोलीभर नजर फिरवली आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "एक फाईल, तीन परीक्षक."

मॅडम इतक्या जोरात हसल्या की बाहेरचा शिपाई दार उघडून बघून गेला.

मग त्यांनी मास्तरांची उत्तरपत्रिका मागवली. त्यात बस नव्हतीच. एक एकर जमीन, गहू आणि मजूर, पुस्तकात होतं तसं शब्दन्‌शब्द.

"तुम्ही स्वतःचं उदाहरण का नाही लिहिलंत?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "मॅडम, मला वाटलं, मोठ्या परीक्षेत बस लिहिली तर मार्क कापतील."

मॅडमनी फाईल मिटली. आम्ही सुटलो. आठवड्यात आमचे निकाल लागले. मास्तरांची उत्तरपत्रिका मात्र गठ्ठ्यातून निघून फायलीत गेली होती, ती परत जागेवर जाईपर्यंत त्यांच्या नावापुढे 'निकाल राखीव' असंच राहिलं. अर्जाची मुदत शनिवारी संपली. त्यांचा निकाल मंगळवारी लागला.

त्यांची रजा संपली होती म्हणून गुणपत्रिका मीच त्यांचं पत्र दाखवून आणली आणि बसस्टँडवर दिली. त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली.

"मास्तर, अर्ज?"

"गेली ती गाडी, ताई."

मी तिथेच, भर गर्दीत रडायला लागले. "अहो ताई," ते घाईघाईने म्हणाले, "रडू नका. लोकांना वाटंल मी सुट्टे दिले न्हाईत."

शेवटपर्यंत ते कंडक्टरच राहिले. मी प्राध्यापक झाले, देशपांडे बँकेत लागला, भेटी दिवाळीपुरत्या आणि मग तेवढ्याही नाहीत. याची लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

गेल्या वर्षी मास्तर गेल्याचं दत्ताने कळवलं. मी बिबवेवाडीला त्यांचं घर शोधत गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. आम्ही एकमेकींना कधीच पाहिलं नव्हतं.

"मी त्यांच्या लोणीच्या गाडीतली," मी म्हणाले. "नारायण पेठेतली."

"म्हंजी अर्थशास्त्राला अठ्ठावन्न," त्या पटकन म्हणाल्या. "देशपांडे चौसष्ट. आणि दत्ता सत्तेचाळीस, पर त्याला ताप होता. कुणी घरी आलं की सांगायचे. या, आत या."

मला उंबरा ओलांडवेना. तिथूनच विचारलं, "आणि स्वतःचे किती सांगायचे?"

"त्यांचे?" त्या गोंधळल्या. "नुसतं पास झालो म्हणाले हुते. त्यावर कधी बोलले न्हाईत, आणि मीबी इचारलं न्हाई."

"एक्क्याऐंशी," मी म्हणाले.

त्या आत वळून मुलाला मोठ्याने म्हणाल्या, "अरं, टीव्ही बंद कर आधी. इकडं ये. तुझ्या बापाला किती पडले हुते ऐक."