कण्हेरवाला अब्दुल रहीम

नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर अब्दुल रहीमची नर्सरी होती. झाडांवर त्याचा जितका जीव, तितकाच माणसांचा तिटकारा. शहरातल्या राजापेठेतल्या बायका गाडी थांबवून विचारायच्या, "बारा महिने हिरवं राहील, सतत फुलेल आणि पाणी घालावं लागणार नाही, असं झाड आहे का?" तो तंबाखू मळत म्हणायचा, "आहे ना. प्लास्टिकचं. तुमच्या राजापेठेतच भेटते." बाई फणकारून निघून गेल्या की त्याला त्या दिवशी जेवण गोड लागे.

खरं तर तसं झाड त्याच्याकडे होतं. कण्हेर. आषाढात बोटाएवढी जाड फांदी वीतभर कापायची, खालची पानं काढून मातीत खोचायची आणि हाताला लागलेला चीक धुऊन टाकायचा. मुळाशी पाणी साचू दिलं नाही की बस. काळी जमीन भेगाळली तरी ती हिरवीच राहते आणि भर वैशाखात गुलाबी फुलते. वर शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. पण फुकट जगणाऱ्या झाडाला कोण विचारतो? लोकांना गुलाब हवा, म्हणजे तो मेल्यावर रहीमशी भांडायला येता येतं.

जवळच्या गावचे सरपंच खुशालराव यांनी मात्र गावरस्त्याच्या दोन्ही अंगांनी रहीमच्या हातूनच कण्हेर लावून घेतली होती. ती वर्षंच तशी होती. शेतकरी मरत होते आणि वऱ्हाडात कापसापेक्षा पाहणी पथकंच जास्त उगवत होती. असंच एक पथक वैशाखात येणार असं कळलं, तेव्हा खुशालरावांनी रहीमला बोलावणं धाडलं.

"चाचा, येका लायनीत कापून द्या. सायेबायले शिस्त दिसली पाह्यजे."

"बहरात कापतात का कुठं? फुलं जातीन सारी. बहर सरू द्या, मंग छाटू."

"फुलं पाहाले येऊन राहिले का ते? कापा."

रहीमने कापली. शिस्त हवी ना, घ्या शिस्त, असं मनात म्हणत फुलांसकट कापली. फांद्यांचा खच रस्त्यावर दिसायला नको म्हणून मजुरांनी तो लगतच्या मैनाबाईच्या आवारात नेऊन टाकला, थेट तिच्या बैलांच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर. मैनाबाई दोन बैलांच्या बळावर एकटीच चार एकर वाहत होती. ती दारातून म्हणाली, "चाचा, हे इथं राहू देऊ का?"

रहीमने ढिगाकडे पाहिलं. ओल्या कण्हेरीला जनावर तोंड लावत नाही, एवढं गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं आणि त्याच भरवशावर सगळे निर्धास्त होते. पण पानं सुकून कुटारात मिसळली की जनावराला कळत नाही आणि विष काही कमी होत नाही. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण सकाळपासून त्याचं डोकं फिरलेलं होतं.

"राहू दे," तो म्हणाला. "तुमच्या गावाले अक्कल शिकवता शिकवता म्हातारा झालो मी." आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.

पथकाच्या जीप आल्या आणि काचा वर ठेवूनच गावातून निघून गेल्या. आठवड्याने नर्सरीत आलेल्या एकाने बोलता बोलता सांगितलं, मैनाबाईचा एक बैल काल कोसळला, तोंडाला फेस आला आणि गेला. रहीमच्या हातातली कुंडी तशीच राहिली. त्याने सायकल काढली.

मैनाबाई अंगणात कुटार निवडत बसली होती. सुकलेलं एकेक पान वेगळं काढत होती. उरलेला बैल खुंट्याला उपाशी उभा होता. रहीम तिच्यासमोर उकिडवा बसला आणि मान खाली घालून पानं वेचू लागला.

"चाचा, तुमाले ठाऊक होतं?"

"हो."

मैनाबाईचा हात थांबला नाही. "आमी अडाणी आहो, हे तुमी हर खेपेले सांगतलं," ती म्हणाली. "हे येक काहून नाई सांगतलं?"