मोहळाखालची म्हातारी

एक बोट ओठांवर ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने वर दाखवायचं, एवढंच तिचं स्वागत. "गुमान चल." धारूरच्या किल्ल्याच्या दरवाजात ती मला पहिल्यांदा भेटली तेव्हा मला हे ऐकून रागच आला. पंपाचे सुटे भाग गाडीत घालून विकत जिल्हाभर फिरणारा माणूस मी, दिवसभर बोलूनच पोट भरतो. मला कुणी गप्प बस म्हटलं की तळपायाची आग मस्तकात जाते. "कावून?" मी मुद्दाम तिच्याच बोलीत कारण विचारलं. तिने नुसती मान वर केली. कमानीला आग्या मोहळ लटकलं होतं, चांगलं सुपाएवढं. मी गुमान चाललो.

तुम्ही गेला असाल तर आठवेल, गावातून निघालेली वाट सरळ किल्ल्याच्या दारात जाते आणि बाकी तिन्ही बाजूंना दरी. आत बुरूज, तळं, बोरी-बाभळी आणि हिच्या शेळ्या. केजहून परतताना मी तिथे डबा खायला थांबायचो. धनगराची म्हातारी, हातात कुऱ्हाड, भर उन्हातही खांद्यावर काळी घोंगडी. "उकडत नाही का मावशी?" विचारलं तर म्हणायची, "तुला उकडतंय तर तू काढ की सदरा." माझ्या डब्यात डोकावून ती बायको रुसलीय की खूश आहे ते सांगायची. बहुतेक वेळा बरोबर निघायचं, याचा मला आणखी राग.

यंदा वर्षभराने परत निघालो, तेव्हा धारूरचा घाट चढताना मी गाडीचा वेग कमीच ठेवला होता. ती जिवंत आहे की नाही, हेच मला माहीत नव्हतं.

झालं असं. गेल्या हिवाळ्यात असाच दुपारी डबा उघडून बसलो होतो. तिने एक शेळी दरवाजाजवळच्या बोरीला बांधली होती. एरवी ती बांधायची नाही, पण ही आज-उद्या व्यायला झालेली, आणि अशी शेळी आडोसा शोधत दरीकडे निसटते. तेवढ्यात कॉलेजची पोरं आली. कुणाचा तरी वाढदिवस होता. सोबत मोठा स्पीकर आणि रंगीत धूर सोडणाऱ्या नळ्या. म्हातारी ओठांवर बोट ठेवून धावली. "गुमान ऱ्हावा रं, वर बघा जरा." पोरं हसली. एकाने तिची नक्कल करत फोटो काढून घेतला. मग लाल धूर थेट कमानीत चढला.

आधी नुसती घरघर ऐकू आली. मग माशा सुटल्या. पोरं ओरडत गावाकडे पळाली. मीही उठलो होतो, पण म्हातारीने मला मानेला धरून खाली पाडलं आणि घोंगडी दोघांवर ओढली. "हलू नगंस. हात बी हलवू नगंस." मोकळ्या शेळ्या तळ्याकडे उधळल्या होत्या. एकटी ती बांधलेली ओरडत होती, आणि तिचं ओरडणं क्षणाक्षणाला बारीक होत चाललं होतं. "म्या बांधलीय तिला," म्हातारी म्हणाली. "म्याच बांधलीय." मी म्हटलं, "मावशी, जाऊ नका, मराल." ती गेली.

घोंगडीच्या फटीतून मी बघत होतो. तोंडाला पदर गुंडाळून ती चालत गेली, पळाली नाही. कुऱ्हाडीने दावं तोडलं. शेळी सुटली ती भेदरून दरीच्या अंगाला. आणि सगळ्या जगाला गप्प करणाऱ्या त्या बाईने पदर सोडून मोठ्याने हाक मारली, "चंद्रे, ये गं माय, हिकडं ये." शेळी फिरली, हाकेवर आली, आणि दोघी अंगभर माशा घेऊन घोंगडीत घुसल्या. शेळीचे खूर माझ्या पोटात, माझा डबा तिच्या पोटाखाली. मलाही माशा चावल्या. मी शिव्या घालत होतो आणि म्हातारीचा हात घट्ट धरून होतो.

माशा निवल्यावर मी तिला गाडीत घातलं. शेळीशिवाय ती बसेना, म्हणून शेळीही मागे खोक्यांवर. दवाखाना येईपर्यंत तिचे डोळे सुजून मिटले आणि श्वासाला शिट्टी लागली. डॉक्टरांनी धावपळ केली. गावातून तिची सून आली. मी बाहेर गाडीशी आलो तर शेळी माझ्या सुट्या भागांच्या खोक्यांवर व्यालेली. आत जाऊन मी म्हातारीच्या कानाशी सांगितलं, "व्याली मावशी. करडू उभं राहिलंय." तिची जीभ जड झाली होती. "तुज्या गाडीत व्याली," ती म्हणाली, "तुजं हाय ते."

सून म्हणाली, आमच्यात असंच हाय, दुसऱ्याच्या दारात जल्मलेलं करडू त्या दाराचं. मी म्हातारीला म्हटलं, आधी बऱ्या व्हा, मग बघू. डॉक्टर काही खात्रीने सांगेनात. मलाही ताप भरला होता, तसाच बीडला घरी आलो. बरा झालो तोवर कंपनीने मला गेवराईकडचा भाग दिला होता आणि धारूरची वाट सुटली. फोन नंबर घ्यायचं भान त्या दिवशी कुणाला होतं?

यंदा पुन्हा धारूरचा भाग मिळाला. दरवाजातून आत शिरलो आणि तळ्याच्या काठाला काळी घोंगडी दिसली. जीव एकदम हलका झाला. लाज सोडून धावलो. जवळ गेल्यावर दिसलं, घोंगडी सुनेच्या खांद्यावर होती.

"मावशी?" मी विचारलं.

"दवाखान्यातनं आल्या की. चांगल्या हिंडत व्हत्या."

"मग आज कुठं आहेत?"

"चैतात गेल्या. झोपेतच." ती शेळ्यांकडे बघत म्हणाली. "तुमची लई वाट बघितली. करडाला गिऱ्हाईक आलं, तर हाकलून लावलं. म्हनायच्या, ज्याचं हाय तो यील."

सुनेने जीभ टाळ्याला लावून आवाज केला तसं आता तांबूस शेळी झालेलं ते करडू कळपातून निघालं, माझ्यापाशी आलं आणि माझा हात हुंगू लागलं.

मला करडू नको होतं हो. दुसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस मी, शेळी कुठे बांधणार? मला फक्त त्या बाईसमोर बसून विचारायचं होतं, मावशी, अजून दुखतंय का? पण सून दावं पुढे करून उभी होती, आणि नको म्हणायला मला तोंड नव्हतं. मी दावं हातात घेतलं आणि तिथेच तळ्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडलो.